सी. व्ही. रामन यांनी नाकारलेल्या कमला सोहोनींनी वालाच्या दाण्यात एन्झाइमचे ब्रेक शोधले, फुफ्फुसाचं कोडं त्याच कुळातलं आहे

दरवर्षी १८ जून आला की डॉ. कमला सोहोनी यांचा फोटो आपल्या फीडमध्ये फिरायला लागतो. २०२३ मध्ये गुगलने त्यांच्या ११२ व्या जयंतीला डूडल केलं, तेव्हापासून तर जास्तच. बहुतेक पोस्टमधली गोष्ट एकच असते. नोबेल विजेत्या रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तिने सत्याग्रह केला, रामन नमले. खाली टाळ्यांचे इमोजी आणि विषय संपला.

पण आत गेल्यावर त्यांनी केलं काय? हे फारसं कुणी सांगत नाही. आणि खरी मजा तिथेच आहे. कारण त्यांनी ज्या प्रकारच्या रेणूंवर काम केलं, त्याच प्रकारचे रेणू आज आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटच्या फुफ्फुसात काय बिघडलंय हे समजून घेताना महत्त्वाचे ठरतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करूया. कमलाबाईंनी फुफ्फुसांवर संशोधन केलेलं नाही. तसा दावा असलेली पोस्ट दिसली तर पुढे पाठवू नका. त्यांनी काम केलं ते वाल, डबल बीन, इतर कडधान्यं, नीरा आणि तांदूळ यांच्यावर. थोडक्यात गरिबाच्या ताटावर. फुफ्फुसापर्यंतचा रस्ता त्या ताटातूनच कसा जातो, ते पुढे येईलच.

केमिस्टांचं घर

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचंही शिक्षण बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये झालेलं, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, आणि तेही संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या काळात. घरात केमिस्ट्री हा जेवताना बोलायचा विषय.

याच घरातली दुसरी मुलगी मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. दुर्गा भागवत. कमलाबाईंची थोरली बहीण. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या त्याच दुर्गाबाई. एक बहीण सरकारला नाही म्हणाली, दुसरीने त्याच्या ४२ वर्षं आधी एका नोबेल विजेत्याचा नकार मान्य केला नाही. भागवतांच्या घरात मुलींना काय खाऊ घालत होते कुणास ठाऊक.

१९३३ मध्ये कमला मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झाली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र, आणि गुणवत्ता यादीत पहिली. पुढे कुठे जायचं यावर घरात चर्चा व्हायचं कारणच नव्हतं. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच. तिने फेलोशिपसाठी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला.

त्याच वर्षी सी. व्ही. रामन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं. त्यांच्या शब्दापुढे बोलणारा माणूस देशात सापडणं अवघड. नकाराचं कारण गुण कमी पडले हे नव्हतं, अर्ज करणारी मुलगी होती हे होतं.

कमला बंगळुरूला गेली, रामन यांना भेटली आणि कारण विचारलं. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तेव्हा प्रवेश मिळेपर्यंत दारात सत्याग्रह करायची तिने तयारी दाखवली. वय वर्षं २२. शेवटी रामन यांनी होकार दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, प्रोबेशनवर राहायचं. काम पसंत पडेपर्यंत त्याला अधिकृत मान्यता नाही. आणि तिच्या असण्यामुळे संस्थेतल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये.

ही तिसरी अट जरा थांबून वाचा. लक्ष मुलांचं विचलित होणार आणि जबाबदारी मुलीची.

तिने अटी मान्य केल्या, पण विसरली नाही. पुढे साठ-पासष्ट वर्षांनी, भारतीय महिला शास्त्रज्ञांच्या संघटनेने सत्कार केला तेव्हा त्यांनी हा अपमान बोलून दाखवला होता. रामन मोठे शास्त्रज्ञ होते, पण मन तेवढं मोठं नव्हतं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

बंगळुरूमध्ये तिला श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक मिळाले. कडक शिस्तीचे, पण शिकवायला हात आखडता न घेणारे. त्यांच्याकडे तिने दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. वर्ष संपल्यावर रामन यांना तिच्या कामात खोट काढता आली नाही. १९३६ मध्ये तिने एमएस्सी पूर्ण केली आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

पण दार उघडलं म्हणजे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. १९४० मध्ये रामन यांच्याच प्रयोगशाळेत आलेल्या अ‍ॅना मणी यांनी पाच शोधनिबंध लिहिले, प्रबंधही सादर केला, पण एमएस्सी नाही या कारणावरून त्यांना पीएचडी मिळाली नाही.

बटाट्यातला श्वास

१९३७ मध्ये कमला केंब्रिजला पोहोचली. व्हिटॅमिनच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळवणारे फ्रेडरिक हॉपकिन्स तिथे बायोकेमिस्ट्रीचे प्रमुख होते. आधी डेरेक रिक्टर यांच्यासोबत आणि ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्यासोबत तिने काम केलं. हिल यांचा विषय वनस्पती.

आपण श्वास घेतो, ऑक्सिजन फुफ्फुसातून रक्तात जातो, रक्तातून पेशीत जातो. हे शाळेत शिकलोय. पण पेशीत पोहोचल्यावर त्या ऑक्सिजनचं होतं काय? तिथे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणाऱ्या रेणूंची एक साखळी असते. गावात आग लागल्यावर विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात, तशी. या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. साखळीच्या शेवटी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि या सगळ्या व्यवहारातून पेशीला ऊर्जा मिळते.

केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमवरचं मूलभूत काम प्रसिद्ध केलं होतं. कमलाने बटाट्यावर काम करता करता दाखवलं की वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असतं. म्हणजे पेशीपातळीवर बटाट्याची आणि आपली श्वास घेण्याची पद्धत एकाच घराण्यातली. (बऱ्याच मराठी लेखांत सायटोक्रोम सीला एन्झाइम म्हटलेलं असतं. काटेकोरपणे ते एन्झाइमांच्या मधे इलेक्ट्रॉनची ने-आण करणारं प्रथिन आहे. फरक छोटा आहे, पण आपलं काम स्पष्ट करून सांगायचं आहे.)

प्रबंध ४० पानांचा होता आणि कामाला लागला होता जेमतेम सव्वा वर्ष. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली.

इथे आणखी एक दुरुस्ती. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा कमलाबाईंचा उल्लेख सर्रास होतो. पण वनस्पतीशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डीएस्सी दिली होती. त्यामुळे पहिल्या काही जणींपैकी एक म्हणणं जास्त बरोबर. त्याने कमलाबाईंचं काही कमी होत नाही.

सायटोक्रोम सीची गोष्ट पुढे आणखी वळण घेते. १९९६ मध्ये अमेरिकेत शाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हाच रेणू पेशीच्या मरणाचाही निरोप्या आहे. पेशीला जबर इजा झाली की सायटोक्रोम सी आपल्या जागेवरून, म्हणजे मायटोकाँड्रियामधून, बाहेर पडतो. मग पेशी आतून स्वतःला मोडायला घेणारे एन्झाइम कामाला लागतात. फुफ्फुसाला इजा होते तेव्हा तिथल्या पेशी ज्या वाटांनी मरतात, त्यातली ही एक वाट. कमलाबाई तेव्हा हयात होत्या, ऐंशी उलटलेल्या.

दिल्ली, कुन्नूर, मुंबई

भारतात परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्याने सुरू झालेल्या बायोकेमिस्ट्री विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. मग कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत सहायक संचालक. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी लग्न झालं. ते पेशाने अ‍ॅक्च्युअरी. दोघं मुंबईत आले आणि कमलाबाई फोर्टमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्री शिकवायला लागल्या. त्यांचं सगळ्यात रसदार काम इथे झालं.

वाल भिजत का घालतात?

भंडारा जिल्ह्यातलं करडी घ्या, किंवा आसपासचं कुठलंही धानाचं गाव. बांध्यांमध्ये धान उभं असतानाच त्यात लाखोरी टाकतात, धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर ती येते. हिवाळ्यात बाजारात वालाच्या, पोपटाच्या शेंगा येतात. मटण-मासे रोज परवडत नाहीत अशा घरात शरीराला प्रथिनं मिळतात ती अशा डाळी-दाण्यांतून.

पण यात एक मेख आहे. ताटात किती प्रथिनं पडली याला फार अर्थ नाही, अंगी किती लागली याला आहे. आणि कच्चं कडधान्य यात आडवं येतं.

आपल्या स्वादुपिंडात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम तयार होतं. त्याचं काम कात्रीचं, प्रथिनांचे लांबलचक धागे ठरावीक जागी कापायचे. कडधान्यांमध्ये या कात्रीच्या पात्यात अडकून बसणारी काही प्रथिनं असतात. त्यांना ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणतात, मराठीत ट्रिप्सिन रोधक. कुलपात दुसरीच किल्ली घालून मोडावी तसे ते एन्झाइमच्या नेमक्या कामाच्या जागी जाऊन बसतात. जनावरांना कच्चं सोयाबीन खाऊ घातलं की त्यांची वाढ खुंटते, यामागे एक कारण हे रोधक असल्याचं तोवर माहीत झालं होतं. अमेरिकेत मोझेस कुनित्झ यांनी १९४० च्या दशकात सोयाबीनमधला रोधक स्फटिकरूपात वेगळा काढला होता.

पण सोयाबीन तेव्हा भारतात कोण खात होतं? आपल्या भाज्यांत, आपल्या डाळींत काय आहे, हे तपासायला हवं होतं. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते हाती घेतलं. १९५० च्या दशकाच्या मध्यात भारतीय खाद्यपदार्थांतल्या ट्रिप्सिन रोधकांवर त्यांच्या गटाचे निबंध येऊ लागले, आधी भाज्या, मग डाळी. १९५५ मध्ये के. एस. अंबे यांच्यासोबत त्यांनी वाल आणि डबल बीनमधले रोधक स्फटिकरूपात मिळवले आणि ते काम नेचर या नियतकालिकात छापून आलं.

स्फटिकरूपात मिळवणं यात काय एवढं? तर त्या काळात प्रथिन शुद्ध आहे हे पटवून द्यायचा हा मोठा पुरावा होता. वालाच्या पिठात शेकडो प्रकारची प्रथिनं. त्यातून एक वेगळं काढायचं, बाकी सगळं धुऊन टाकायचं, इतकं की ते मिठाच्या खड्यासारखं आकार धरू लागेल. आणि दर पायरीला तपासायचं की ट्रिप्सिन अजून अडतंय का. तपासणीची कल्पना सोपी आहे. दुधातलं प्रथिन घ्या, त्यात ट्रिप्सिन घाला, ठरावीक वेळात किती तुटलं ते मोजा. मग तेच वालाचा अर्क घालून पुन्हा करा. कमी तुटलं म्हणजे अर्कात ब्रेक आहे.

हे रोधक प्रथिनंच असल्यामुळे बहुतेक उष्णतेने निकामी होतात. आपल्याकडे वाल रात्रभर भिजत घालतात, फडक्यात बांधून मोड आणतात, सोलतात आणि मग नीट शिजवतात. बिरडं करणाऱ्या आजीला ट्रिप्सिन माहीत नव्हतं, पण दाणा कच्चा राहिला की पोट बिघडतं हे पक्कं माहीत होतं. भिजवण्याने आणि मोडाने थोडा फरक पडतो, खरं काम शिजवणं करतं. (लाखोरीचा प्रश्न वेगळा. तिच्यातही ट्रिप्सिन रोधक असतात, पण तिची बदनामी झाली ती पायांचा लकवा आणणाऱ्या एका वेगळ्याच विषारी अमिनो आम्लामुळे. दोन्हींची गल्लत करू नका.)

झाडं हे रोधक बनवतात कशाला? आपल्याला त्रास द्यायला नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की किड्याने पान कुरतडलं की बटाट्याचं आणि टोमॅटोचं झाड असे रोधक भराभर वाढवतं. किड्याच्या पचनालाच ब्रेक. म्हणजे ही झाडाची संरक्षण व्यवस्था आहे.

आता फुफ्फुसाकडे

आपल्या शरीरातही हीच जोडी आहे, कात्री आणि ब्रेक.

फुफ्फुसात कोट्यवधी बारीक हवेच्या पिशव्या असतात. प्रत्येक श्वासाला त्या फुगतात आणि पुन्हा मूळ आकाराला येतात, कारण त्यांच्या भिंतीत इलास्टिन नावाचे रबरासारखे धागे असतात. जंतू किंवा धूर आत आला की रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात. त्यांच्याकडे इलास्टेज हे एन्झाइम असतं. ट्रिप्सिनच्याच कुळातलं, म्हणजे तेही कात्रीच. जंतूंची प्रथिनं कापायला ते हवंच. पण ते इलास्टिनही कापतं. आणि एवढ्यावर थांबत नाही. पेशी एकमेकींना धाडतात ते रासायनिक निरोप आणि ते निरोप घेणारे रिसेप्टर, यांनाही ते कापतं. त्यामुळे सूज वाढायची की उतरायची, यावरही या एन्झाइमचा हात असतो. प्रतिकारशक्तीचं नियमन करणारे एन्झाइम म्हणतात, त्यातलं हे एक.

मग निरोगी माणसाचं फुफ्फुस रोज का फाटत नाही? कारण ब्रेक आहे. यकृतात तयार होणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं प्रथिन रक्तातून फुफ्फुसात पोहोचतं आणि मोकाट सुटलेल्या इलास्टेजला धरून निकामी करतं. नावातलं ट्रिप्सिन पाहिलंत? प्रयोगशाळेत त्याची ओळख ट्रिप्सिनला अडवणारं म्हणून झाली, तशाच चाचण्यांमधून ज्या वालाच्या अर्कावर चालल्या होत्या. त्याचं मुख्य काम इलास्टेजला अडवायचं आहे हे नंतर उलगडलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. वालातला रोधक आणि हा रोधक एकसारखे दिसत नाहीत, त्यांची अडवण्याची रीतही वेगळी. पण तत्त्व एक, कात्रीच्या पात्यातच जाऊन बसायचं.

हा ब्रेक नसेल तर काय होतं, ते १९६३ मध्ये स्वीडनमधल्या माल्मोत कळलं. कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या तपासत होते. काही नमुन्यांत अल्फा-१ ची पट्टी जवळपास गायब. असे पाच जण सापडले आणि त्यातल्या तिघांना फुफ्फुसाचा गंभीर आजार होता. साधारण त्याच सुमारास अमेरिकेत उंदरांच्या फुफ्फुसात पपेन सोडून पाहिलं गेलं. पपेन म्हणजे कच्च्या पपईतलं प्रथिन कापणारं एन्झाइम, मटण मऊ करायला आपण पपई लावतो ती त्याच्यासाठीच. उंदरांच्या फुफ्फुसातल्या पिशव्यांच्या भिंती फाटल्या. हा एम्फिसिमा, सीओपीडी या आजाराचं एक रूप.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि चित्र उभं राहिलं: फुफ्फुसाची इजा केवळ बाहेरून आलेला जंतू किंवा धूर करत नाही, आपलीच कात्री ब्रेकपेक्षा जोरात चालली तरी ती होते. सिगारेटचा धूर तर दोन्हीकडून मारतो. न्यूट्रोफिल बोलावून कात्र्या वाढवतो आणि अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची रासायनिक मोडतोड करून ब्रेकही सैल करतो. आपल्याकडे बिडी-सिगारेट कधी न ओढलेल्या बायकांनाही सीओपीडी होतो, त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे.

ज्यांच्यात हा ब्रेक जन्मतः कमी आहे, त्यांच्यासाठी रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन देण्याला अमेरिकेत १९८७ मध्ये मंजुरी मिळाली. मग वाटेल, न्यूमोनियाने किंवा सेप्सिसने फुफ्फुस अचानक निकामी होतं, ज्याला डॉक्टर एआरडीएस म्हणतात, तिथेही ब्रेक लावला की झालं. तसं झालं नाही. सिव्हेलेस्टॅट नावाचं इलास्टेज रोधक औषध जपानमध्ये मंजूर झालं, पण अनेक देशांत मिळून केलेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि ती मधेच थांबवावी लागली. कात्री जंतूंविरुद्ध लागतेच, शिवाय तिथे एकटं इलास्टेज काम करत नसतं.

उलट्या बाजूचं उदाहरण आपण सगळ्यांनी २०२० मध्ये ऐकलं. एसीई-२. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरतो ते दार, एवढीच त्याची ओळख झाली. पण ते मुळात एन्झाइम आहे आणि फुफ्फुसाचं रक्षण करणारं आहे. २००५ मध्ये योझेफ पेनिंगर यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं की एसीई-२ नसेल तर फुफ्फुसाची तीव्र इजा जास्त वाढते. म्हणजे एक एन्झाइम फाडतं, दुसरं सांभाळतं.

आणि वनस्पतींचे रोधक? ते अजून या गोष्टीत आहेत. ब्राझीलमधल्या संशोधकांनी बाउहिनिया या गटातल्या एका झाडाच्या बियांमधला रोधक, इलास्टेज देऊन फुफ्फुस खराब केलेल्या उंदरांवर वापरून पाहिला. इजा कमी झाली. बाउहिनिया म्हणजे आपला आपटा आणि कांचन ज्या गटात मोडतात तो गट. पण हे उंदरांवर झालंय, शुद्ध केलेल्या प्रथिनावर झालंय. आपट्याची पानं उकळून पिऊन किंवा वाल जास्त खाऊन फुफ्फुस बरं होत नाही. शिजवलेल्या दाण्यातला रोधक बहुतेक निकामी झालेला असतो आणि उरलेला पोटात जातो, फुफ्फुसात नाही. दम लागत असेल तर डॉक्टरकडे जा.

नीरा आणि चार वर्षं

रोधकांच्या जोडीने कमलाबाईंची प्रयोगशाळा आणखी दोन गोष्टींवर राबत होती, नीरा आणि धान आटा. नीरेवर काम करा, ही सूचना राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांची. नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या ताडगुळात व्हिटॅमिन सी आणि लोह असल्याचं त्यांच्या गटाने दाखवलं. आदिवासी भागातली कुपोषित मुलं आणि गरोदर बाया यांच्या आहारात नीरेचा उपयोग होऊ शकतो, असं हे काम सांगत होतं. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्या सल्ला देत.

मुंबईच्या याच संस्थेत संचालकपदावर त्यांचा हक्क लागत होता, तेव्हा ते पद त्यांना तब्बल चार वर्षं मिळू दिलं गेलं नाही. अंतर्गत राजकारण, असं त्याला म्हटलं गेलं. बंगळुरूला निदान अटी तोंडावर सांगितल्या होत्या. शेवटी त्या संचालक झाल्या, संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. केंब्रिजचे जुने सहकारी रिक्टर यांनाही त्याचा आनंद झाला होता.

निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत १९६६ मध्ये काही महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली होती. देशातल्या सुरुवातीच्या ग्राहक संघटनांपैकी ही एक. कमलाबाईंनी तिचं काम मनापासून केलं, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही होत्या, आणि संस्थेच्या कीमत या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. केंब्रिजची डॉक्टरेट असलेली बाई भेसळीवर, घरातल्या गृहिणीला कळेल असं लिहायची. आपण ज्याला आज एक्सप्लेनर म्हणतो, ते हेच.

देशाच्या वैद्यकीय संशोधनाची सर्वोच्च संस्था असलेल्या आयसीएमआरचं लक्ष त्यांच्याकडे जायला मात्र १९९० चं दशक संपत यावं लागलं. आयसीएमआरच्या पहिल्या महिला प्रमुख डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना कमलाबाईंची गोष्ट कळली आणि त्यांच्या पुढाकाराने दिल्लीत सत्कार ठरला. जून १९९८. संशोधक सभागृहात जमले होते, त्यात बायकाही भरपूर. कार्यक्रम सुरू असतानाच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच, २८ जूनला, त्यांचं निधन झालं. दहा दिवसांपूर्वी त्यांनी ८७ पूर्ण केली होती.